बोटावरची शाई वाळल्यावर

कोल्हापूरच्या मतदाराला उदासीन म्हटलं तर आकडेच अंगावर येतील. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत राज्यात सर्वाधिक मतदान झालेल्या मतदारसंघांत कोल्हापूर होतं, ७१ टक्क्यांच्या वर. त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभेला करवीर मतदारसंघ ८५ टक्क्यांच्या आसपास पोचला. मतदानाची सुट्टी आहे म्हणून कोकणात जायचा बेत इथं सहसा कुणी आखत नाही. चालता न येणाऱ्या आजींना खुर्चीत बसवून चौघं जण केंद्रावर नेतात, आणि बाहेर आल्यावर आजी पहिला प्रश्न विचारतात, "कोण येतंय म्हणत्यात?"

आपली उदासीनता या आकड्यांत दिसत नाही, कारण ती केंद्राबाहेर पडल्यावर सुरू होते. मत द्यायचं, निकालाच्या दिवशी गुलाल बघायचा आणि पुढची पाच वर्षं कुणाला काही विचारायचं नाही. विचारलंच तर स्वतःच्या कामापुरतं: एखादा दाखला, सीपीआर या सरकारी रुग्णालयात खाट, भाच्याची बदली. गल्लीचं, पेठेचं, शहराचं काही मागायला आपण जात नाही. अठरा पूर्ण झाल्यापासून मी एकही निवडणूक चुकवलेली नाही, पण त्यातली बरीच वर्षं बटण दाबताना माझ्या मनात कसलीही अपेक्षा नव्हती. कोण निवडून आलं याची उत्सुकता होती. निवडून येऊन तो काय करणार याची नव्हती. माझ्यासारखे या शहरात हजारो आहेत. त्यांना काही सांगावंसं वाटतं, कारण गेल्या काही महिन्यांत माझी ती अपेक्षा परत आली आहे, आणि ती कुठल्याही नेत्यामुळे आलेली नाही.

राजकारणाचं ज्ञान आपल्याकडं कमी नाही. बिंदू चौकात चहाच्या गाड्यावर उभं राहा. गोकुळ दूध संघाला कुठल्या तालुक्यातले किती ठरावधारक, म्हणजे मतदानाचा हक्क असलेले संस्थांचे प्रतिनिधी, कुणाकडं आहेत, राजाराम साखर कारखान्याला कोण कुणाबरोबर गेलं, जिल्हा बँकेत कुणी कुणाचा हिशोब चुकता केला, हे तीस वर्षांमागं जाऊन तोंडपाठ सांगणारी माणसं तिथं भेटतील. २०१९ च्या लोकसभेला 'आमचं ठरलंय' ही घोषणा इथंच जन्मली आणि राज्यभर गेली. पण त्याच माणसांना विचारा, आपल्या प्रभागात गेल्या वर्षी कोणती कामं मंजूर झाली, किती रकमेची, आणि त्यातली पूर्ण किती झाली. गाड्याभोवती शांतता पसरते. नेत्यांची सोयरीक आपल्याला पाठ आहे आणि आपल्याच गटारीचं टेंडर माहीत नाही.

याला कारण आहे. आपल्याकडचं राजकारण गटाचं आहे. पक्ष बदलतो, चिन्ह बदलतं, गट राहतो. दूध संस्था, सेवा सोसायटी, कारखाना, बँक, शिक्षण संस्था अशा साखळीतून माणूस कुठल्या तरी गटाला बांधलेला असतो, आणि अडचणीला तो गटच धावून येतो हेही खरं आहे. ऊस वेळेत तुटतो, पोराला चिकटवता येतं, कर्ज मिळतं. या उपकाराच्या व्यवहाराला मी तुच्छ मानत नाही. ज्याच्या घरात एकाच पगारावर सात माणसं जेवतात, त्याला 'तत्त्वावर मत दे' असं सांगणं सोपं आहे. पण या व्यवहारात एक गोष्ट कायमची हरवते. ज्याच्याकडून वैयक्तिक मदत घेतली, त्याला सार्वजनिक प्रश्न विचारता येत नाही. जीभ रेटत नाही. असं करत करत शहराचा प्रश्न कुणाचाच राहत नाही.

मला वाटतं, हे आपल्याला कधी कळलंच नसतं, जर मधली पाच वर्षं तशी गेली नसती.

महापालिकेची निवडणूक २०१५ च्या १ नोव्हेंबरला झाली होती. त्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर करोना, मग ओबीसी आरक्षणाचा न्यायालयीन वाद, मग प्रभागरचनेचे बदलते कायदे. जिल्हा परिषदेचंही मार्च २०२२ पासून तेच. घटनेच्या २४३-यू कलमात स्पष्ट म्हटलं आहे की नगरपालिकेची मुदत पाच वर्षं, त्याहून अधिक नाही, आणि ती संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. तरीही साडेपाच लाख वस्तीचं हे शहर पाच वर्षांहून अधिक काळ एकाही लोकनियुक्त नगरसेवकाशिवाय चाललं. अखेर मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्याला निवडणुका घ्यायला सांगावं लागलं, आणि १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं.

सुरुवातीला आम्ही म्हणत होतो, बरं झालं. नगरसेवक नाहीत म्हणजे टक्केवारी नाही, महापौरपद चार-सहा महिन्यांना वाटून घेण्याचा प्रकार नाही, सभागृहातली हमरीतुमरी नाही. एक अधिकारी येईल, फाइलवर सही करेल, काम होईल. हे मत उद्यमनगरातल्या माझ्या शेजारच्या वर्कशॉपमध्ये होतं, तालमीच्या कट्ट्यावर होतं, आणि शिकल्यासवरल्या घरांत तर जास्तच होतं. प्रशासक म्हणून आलेले अधिकारी वाईट होते असं मी म्हणणार नाही. काही मन लावून काम करणारे होते. पण व्यवस्था कशी होती ते बघा. सर्वसाधारण सभेचे अधिकार प्रशासकाकडे, स्थायी समितीचे अधिकार प्रशासकाकडे आणि अंमलबजावणीही त्यांच्याच हातात. ठराव मांडणारा, मंजूर करणारा आणि राबवणारा एकच. अंदाजपत्रक तयार व्हायचं, मंजूर व्हायचं, दुसऱ्या दिवशी पेपरात यायचं. त्याला विरोध करायला, निदान 'हे का?' असं विचारायला, कायद्याने नेमलेला एकही माणूस त्या खोलीत नव्हता.

त्या काळात शहरात लहान गोष्टी घडल्या नाहीत. काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट नळानं शहरात आणायची मागणी मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो. ती योजना अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये पुईखडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत पोचली. पन्नास किलोमीटरहून लांब जलवाहिनी, शेकडो कोटींचा खर्च. दिवाळीत पाणी आलं तेव्हा लोकांनी त्याची पूजा केली. पण पुढं कधी पंप बंद, कधी वाहिनीला गळती, आणि शहर पुन्हा टँकरच्या मागं. एरवी अशा वेळी सभागृहात हंडा घेऊन येणारा विरोधी नगरसेवक असतो. आपण त्याला नाटकी म्हणतो. पण त्या नाटकाने जलअभियंत्याला उभं राहून, नोंद होईल अशा पद्धतीने, उत्तर द्यावं लागतं. ते उत्तर पाच वर्षं कुणी मागितलं नाही, कारण मागायची जागाच बंद होती.

ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. १९१५ साली शाहू महाराजांनी बांधलेलं, आपल्या पणजोबांपासून सगळ्यांनी ज्याच्या खुर्च्यांवर बसून नाटकं पाहिली ते. केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री. त्या रात्री खासबाग मैदानाच्या बाजूला उभी राहून रडणारी माणसं होती. पुनर्बांधणीची घोषणा लवकर झाली, निधी आला, काम सुरू झालं, आणि त्याबद्दल समाधान आहे. पण महापालिकेच्या मालकीची शंभर वर्षांची वास्तू जळते आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेची विशेष सभा भरत नाही, कारण भरायला सभाच नाही, हे त्या दिवसांत मला फार लागलं. शोक सगळ्यांनी केला. जाब विचारण्याचा अधिकार कुणाकडंच नव्हता.

१८५४ साली या शहरात नगरपालिका स्थापन झाली. इतक्या जुन्या संस्थेचं सभागृह कुलूपबंद राहिलं आणि शहरात एक मोर्चाही त्यासाठी निघाल्याचं मला आठवत नाही. तेही टोलविरोधात रस्त्यावर उतरलेल्या शहरात. ही तुलना मला छळते, म्हणून टोलबद्दल थोडं सविस्तर.

शहरातले सुमारे ५० किलोमीटर रस्ते २२० कोटींच्या खर्चात खासगी कंपनीकडून करून घ्यायचे आणि त्या बदल्यात तिने तीस वर्षं टोल घ्यायचा, असा तो करार होता. गावात शिरायला आणि गावातून बाहेर पडायला पैसे. शिरोलीच्या कारखान्यात कामाला जाणाऱ्याने, उचगावाहून भाजी आणणाऱ्याने, सगळ्यांनी पैसे. तो करार महापालिकेच्याच सभागृहाच्या संमतीने झाला होता, आणि त्या वेळी त्यातली कलमं वाचायला आपल्यापैकी कुणी गेलं नव्हतं. जागे झालो ते नाके उभे राहिल्यावर. मग मात्र शहर उठलं. एन. डी. पाटील सरांनी ऐंशी ओलांडलेल्या वयात त्याचं नेतृत्व केलं. कम्युनिस्ट नेते गोविंदराव पानसरे होते. तालमी, रिक्षावाले, व्यापारी, वकील, महिला मंडळं, एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष एका कृती समितीत आले. अनेक मोर्चे झाले, नाके पेटले, गुन्हे दाखल झाले, कोर्टकचेरी झाली. २०१५ च्या अखेरीस टोल रद्द झाला.

आपण त्या विजयाचा पुष्कळ अभिमान बाळगतो, आणि बाळगावाच. पण विजय मिळाल्यावर आपण काय केलं? घरी गेलो. ज्या समितीत प्रत्येक पेठेचा माणूस होता, जिच्याकडं करार वाचणारे वकील होते, रस्त्यांची मोजणी तपासणारे अभियंते होते, ती रस्त्यांपुरतीच राहिली. पाणी, कचरा, अंदाजपत्रक, विकास आराखडा यांतल्या कुठल्याच प्रश्नाकडं ती ताकद वळली नाही. कोल्हापूरला पेटून उठता येतं याबद्दल कुणालाच शंका नाही. रोजच्या कामाला बसता येतं का, हा प्रश्न आहे, आणि माझी आशा नेमकी तिथं गुंतलेली आहे.

पुराचं उदाहरण घ्या. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेनं ५५ फुटांची पातळी ओलांडली. धोक्याची पातळी ४३. तेव्हा तालमीची पोरं जिवावर उदार होऊन पाण्यात उतरली, घराघरांत भाकरी थापल्या गेल्या, शाळांच्या वर्गांत माणसं आणि जनावरं दोन्ही सांभाळली गेली. २०२१ ला पुन्हा तेच. जगात कुठंही सांगावं असं ते काम आहे. आणि त्याच शहरात पूररेषेच्या आत बांधकामं होत राहतात. विकास आराखडा जाहीर होतो तेव्हा नगररचना कायद्याप्रमाणे नागरिकांकडून हरकती-सूचना मागवतात, त्यावर सुनावणी ठेवतात. त्या सुनावणीला कोण जातं? ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडलंय तो जातो, आणि ज्याला पड जमीन रहिवासी क्षेत्रात आणायची आहे तो जातो. बोट घेऊन धावणारी पोरं जात नाहीत. त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की पूर अडवण्याची एक जागा त्या कार्यालयातही आहे.

आता माझी अपेक्षा परत कशी आली ते सांगतो.

जानेवारीच्या निवडणुकीआधी आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बायकांनी एक साधी गोष्ट केली. प्रचाराला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला त्यांनी तालमीच्या हॉलमध्ये बसवलं आणि चारच प्रश्न विचारले. प्रश्न त्यांनी आधी वहीत लिहून काढले होते. ड्रेनेजची लाइन आमच्या बोळात कधी पडणार. सार्वजनिक शौचालयात रात्री दिवा आणि पाणी का नसतं. केएमटीची, म्हणजे शहर बसची, बंद झालेली फेरी पुन्हा सुरू करण्यासाठी तुम्ही कुठल्या सभेत विषय मांडाल. आणि निवडून आल्यावर दर किती महिन्यांनी इथं याल. शेवटचा प्रश्न एका मावशींचा होता. त्या धुणीभांडी करतात. एका उमेदवाराने हसत हसत म्हटलं, "मावशी, मी तर रोज इथनंच जातोय की." त्यावर मावशी म्हणाल्या, "जातायसा, पर थांबत न्हाईसा."

कुठल्याही पक्षाच्या उमेदवारानं त्या दिवशी समाधानकारक उत्तर दिलं असं म्हणता येणार नाही. एकाने ड्रेनेजचं काम कुठल्या खात्याकडं आहे हेही चुकीचं सांगितलं. पण त्या उत्तरांची नोंद वहीत झाली, उमेदवाराची सही घेऊन. गेली कित्येक वर्षं मी प्रचार पाहतोय. हळदीकुंकू, साड्या, जेवणावळी, देवदर्शनाच्या गाड्या, आणि शेवटच्या दोन रात्री गल्लीत फिरणारी पाकिटं. मतदार घेणारा आणि उमेदवार देणारा, असंच ते चित्र असतं. त्या हॉलमध्ये ते पहिल्यांदा उलटं झालेलं पाहिलं. उमेदवार खुर्चीत अस्वस्थ बसलेला आणि समोर वही घेतलेली बाई.

हे एकट्या आमच्या गल्लीचं कौतुक नाही. असं इतर ठिकाणीही घडतंय हे बोलताना कळत गेलं. कुठं ज्येष्ठ नागरिक संघाने उमेदवारांना बोलावलं, कुठं कॉलेजच्या मुलांनी. मला वाटतं यामागं ती मोकळी पाच वर्षं आहेत. तक्रार घेऊन जायला माणूस नसला की काय होतं, हे लोकांनी अनुभवलं. गटार तुंबली की ॲपवर तक्रार नोंदवायची, तक्रार 'निकाली' असा संदेश यायचा, आणि गटार तशीच. ॲपवर रागावता येत नाही. त्याला पुढच्या निवडणुकीत पाडताही येत नाही. ज्याला आपल्या मताची भीती आहे असा माणूस जवळ असणं याची किंमत तो नसताना कळली.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मला मान्य आहे. २०१५ ला एका प्रभागातून एक नगरसेवक होता. या वेळी शहरात बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे झाले. एका मतदाराने चार मतं द्यायची. याने प्रभाग मोठा झाला, निवडणुकीचा खर्च वाढला, अपक्ष सामान्य माणसाला उभं राहणं अवघड झालं, आणि जबाबदारी चौघांत वाटली गेली. चारही जण एकमेकांकडं बोट दाखवणार हे पहिल्या महिन्यातच दिसायला लागलंय. ही पद्धत मतदाराच्या सोयीची नाही, पक्षांच्या सोयीची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे, आणि ती बदलली पाहिजे. पण ती बदलेपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं का? चौघांना एकाच वेळी एका सभेत बोलावलं तर बोट दाखवायला बाहेरचं कुणी उरत नाही.

दुसरा आक्षेप फुटीचा. २०२२ आणि २०२३ मध्ये राज्यात दोन मोठे पक्ष फुटले, ज्यांना ज्या चिन्हावर मत दिलं ते भलत्याच बाजूला जाऊन बसले. त्यानंतर माझे कितीतरी मित्र म्हणाले, आता मतदानाला अर्थ नाही. त्यांचा राग खोटा नव्हता. मतदाराचा असा अपमान याआधी क्वचितच झाला असेल. तरी त्या रागातून निघालेला निष्कर्ष मला पटत नाही. मुंबईत काय होतं यावर माझी पकड फार थोडी आहे. माझ्या प्रभागातल्या रस्त्याच्या कामाचं मोजमाप पुस्तक बघायला माहिती अधिकारातला एक अर्ज पुरतो. जिथं पकड आहे ती जागा सोडून, जिथं ती नाही तिथल्या बातम्यांवर आपण रोज दोन-दोन तास घालवतो. टीव्हीवरचा तो तमाशा पाहून थकवा येतो, आणि त्या थकव्यालाच आपण राजकारणाचा कंटाळा समजतो.

आणि भीतीचा प्रश्नही बाजूला सारता येणार नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये याच शहरात सकाळी फिरून येणाऱ्या गोविंदराव पानसरेंवर आणि त्यांच्या पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि चार दिवसांनी ते गेले. सार्वजनिक जीवनात प्रश्न विचारणाऱ्या माणसाची इथं हत्या झाली. त्यानंतर अनेक घरांत आईवडलांनी मुलांना सांगितलं, 'तू कशाला पुढं होतोयस?' मी त्या आईवडलांना दोष देत नाही. एकट्याने प्रश्न विचारणं धोक्याचं असतं. म्हणूनच पंधरा बायकांनी मिळून एका वहीतून विचारलेला प्रश्न मला इतका महत्त्वाचा वाटतो. त्यात पुढं झालेलं एक माणूस सापडत नाही.

आपल्या जिल्ह्यानं हे आधी करून दाखवलंय. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवऱ्याच्या चितेपुढं बाईच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची नाहीत. करोनात गावोगावी तरुण माणसं गेली होती आणि त्यांच्या बायकांचे हाल सगळ्यांनी पाहिले होते. शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचं ते वर्ष. आठवतं ना, ६ मे ला सकाळी दहा वाजता सगळं कोल्हापूर शंभर सेकंद स्तब्ध उभं राहिलं होतं. महाराजांनी १९१७ मध्ये विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला. तो राजाचा हुकूम होता. एकशेपाच वर्षांनी हेरवाडात जे घडलं ते एका ग्रामपंचायतीनं, लोकांनी निवडलेल्या संस्थेनं केलं. पंधरवड्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. ठराव झाला म्हणजे प्रथा संपली असं नाही, गावागावांत अजून बांगड्या फुटतात. पण आता ज्या बाईला नकार द्यायचा आहे तिच्या हातात गावाचा कागद आहे. राजकारणानं माणसाला काय देता येतं याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. 'शाहूंची नगरी' असं प्रत्येक भाषणाच्या पहिल्या वाक्यात म्हणण्यापेक्षा हेरवाडचं नाव घ्यावं.

आणि सर्किट बेंच. मुंबई उच्च न्यायालयाचं खंडपीठ कोल्हापूरला व्हावं ही मागणी चार दशकांहून जुनी. सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांना तारखेसाठी मुंबईला जावं लागायचं: रात्रीची गाडी, दादरला उतरायचं, वकिलाची फी, लॉज, आणि तारीख पुढं गेली की पुन्हा तेच. वकिलांनी कामकाजावर बहिष्कार टाकले, उपोषणं केली, लोकांनी महारॅली काढल्या. कितीतरी मुख्यमंत्र्यांनी आश्वासनं दिली, कितीतरी सरन्यायाधीश आले आणि गेले. ज्यांनी ती मागणी पहिल्यांदा केली त्यांतले बरेच जण हयात नाहीत. १८ ऑगस्ट २०२५ ला सीपीआरसमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीत कामकाज सुरू झालं. त्या दिवशी सिंधुदुर्गाहून आलेले एक वयस्कर शेतकरी मला भाऊसिंगजी रोडवर भेटले. जमिनीच्या दाव्यासाठी आले होते. म्हणाले, संध्याकाळी घरी पोचेन. या मागणीचं श्रेय सगळ्या पक्षांनी घेतलं, घेऊ द्या. मला त्यातून एवढंच दिसतं की पिढी बदलली तरी मागणी खाली पडू दिली नाही तर ती मिळते. टोलमध्ये आपण पेटलो, बेंचमध्ये आपण टिकलो. महापालिकेच्या कारभाराला या दुसऱ्या गुणाची गरज आहे.

मग आता काय करायचं, तर फार अवघड काही नाही. खेड्यात वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर हे दिवस सगळ्यांना ठाऊक आहेत. शहरात राहणाऱ्याला असा दिवसच नाही, असं आपण समजतो. तसं नाही. २००९ मध्ये महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली. काही मतदान केंद्रांच्या मतदारांचं मिळून एक क्षेत्र, आणि त्या मतदारांची सभा. आपल्या भागातल्या कामांचा क्रम ठरवायला, त्रुटी दाखवायला. याशिवाय तीन लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात प्रभाग समित्या असाव्यात असं घटनाच सांगते. कागदावर हे सगळं आहे. आमच्या भागात अशी क्षेत्रसभा झाल्याचं माझ्या आठवणीत नाही, आणि ती व्हावी म्हणून आम्हीही कधी अर्ज दिला नव्हता. निवडून आलेल्यांना ती नको असते, कारण तिथं नोंद होते. अधिकाऱ्यांना नको असते, कारण तिथं उत्तर द्यावं लागतं. राहिलो आपण.

काही जण म्हणतात, सामान्य माणसाला पोटापाण्याच्या मागं वेळ कुठाय? वेळेचा प्रश्न खरा आहे. माझं वर्कशॉप सकाळी उघडतं ते रात्रीच बंद होतं, आणि ऑर्डर असली की रविवारही जातो. पण गणेशोत्सवाच्या वर्गणीचा हिशोब आपण दरवर्षी पैशापैशानं तपासतो, मांडवाच्या खर्चावरून तालमीत रात्री दोन दोन वाजेपर्यंत भांडतो. दोन-पाच लाखांच्या हिशोबाला वेळ आहे आणि आपल्याच घरफाळ्यातून गोळा होणाऱ्या कोट्यवधींच्या हिशोबाला नाही, हे मला पटत नाही. तालमीकडं जागा आहे, माणसं आहेत, एका हाकेला जमायची सवय आहे. खाली कुस्तीचा आखाडा आणि वर हॉल अशी इमारत जवळपास प्रत्येक पेठेत उभी आहे. प्रभागाच्या कामांची यादी त्या हॉलच्या भिंतीवर लागायला काय हरकत आहे? काम, रक्कम, ठेकेदार, मुदत. खाली व्यायाम करणाऱ्या पोरांनी ती वाचावी आणि मुदत संपली की प्रभाग कार्यालयात जाऊन विचारावं. पुरात उतरणाऱ्या पोरांना हे जमणार नाही असं कोण म्हणेल?

आमच्या गल्लीतून क्षेत्रसभेसाठीचा अर्ज गेला आहे. बचत गटाच्या त्याच वहीतले चार प्रश्न, चारही नगरसेवकांच्या नावे, खाली दीडेकशे घरांच्या सह्या. सह्या गोळा करताना एका घरात तिघे वेगवेगळ्या गटांचे निघाले आणि तिघांनीही सही केली. महापालिकेची पोच मिळाली आहे, तारीख मिळालेली नाही. नगरसेवकांपैकी एक म्हणाले, अंदाजपत्रकानंतर बघू. आम्हाला ती सभा अंदाजपत्रकाआधी हवी आहे, कारण ड्रेनेजच्या लाइनसाठी तरतूद त्यातच व्हायची आहे. पुढच्या सोमवारी संध्याकाळी आम्ही प्रभाग कार्यालयात जाणार आहोत. मावशींनी दोन घरची कामं त्या दिवशी सकाळी उरकून घ्यायचं ठरवलंय.